आजन्म हमी

ज्या गृहस्थास गळ टाकून पाण्याकडे तासन्‌तास पाहत बसण्याचा नाद आहे, त्यास आमच्या वऱ्हाडात शहाण्यांत गणण्याची चाल नाही. मासा हवा तर तो बाजारात ढिवरणीच्या पाटीत मिळतो. मग उन्हात बसून पाय चिखलात कशाला घालावे, हा व्यवहारी प्रश्न आमच्या घरात वर्षानुवर्षे विचारला गेला आहे व त्याचे उत्तर आमच्यापाशी नाही. इतकेच म्हणता येईल की, हा नाद आम्हां एकट्यांचा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदास जागा दिली आहे आणि १९५१ मध्ये डॉ. सुंदरलाल होरा यांनी त्या भागावर विवेचनही प्रसिद्ध केले आहे. राजाने केले ते आम्ही पैनगंगेच्या काठी केले तर बिघडले काय, हा युक्तिवाद घरात टिकला नाही, ही गोष्ट निराळी.

हा नाद आम्हांस आमच्या वडील बंधूंनी लावला. उमरखेडच्या बाजारात एक बुरूड बसत असत. टोपल्या, सुपे व ताटवे हा त्यांचा धंदा. पण आम्हां मुलांसाठी ते मानवेलीची काठी निवडून ठेवीत. मानवेल म्हणजे आमच्या यवतमाळच्या जंगलातील भरीव बांबू. पावसाळ्यानंतर तोडलेला, तीन वर्षांखालील नव्हे, असा वेळू ते घेत. कारण कोवळ्या व रसाळ वेळूत भुंगा शिरून त्याचे पीठ करतो. मग तेलाचा हात फिरवून, शेकून, गुडघ्यावर दाबून ते काठी सरळ करीत. पुढे वाचनात आले की, एकोणिसाव्या शतकात विलायत व अमेरिकेतील कारागीर ज्या 'कलकत्ता' बांबूच्या चिरफळ्या जोडून उंची गळकाठ्या करीत, तो बांबू बहुतेक याच जातीचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधील टोंकिन वेळूने त्यास मागे सारले. १९३१ मध्ये मॅक्ल्यूर या शास्त्रज्ञाने त्या वेळूच्या नावात 'अमाबिलिस', म्हणजे प्रेमास पात्र, असे विशेषण घातले. आमच्या मानवेलीच्या शास्त्रीय नावात मात्र 'स्ट्रिक्टस' हा ताठ शब्द आला. दैव एकेकाचे!

बंधू परदेशी स्थायिक झाले. तेथे ते पिसांच्या कृत्रिम माशीने मासे धरण्यास शिकले. या प्रकारात आमिषास वजन नसते. वजन दोरीस असते आणि काठी वाकून सरळ होताना ती दोरी पाण्यावर उलगडते. सारा खेळ काठीच्या वाकण्यात आहे. एका हिवाळ्यात येताना त्यांनी अशी एक काठी आणली व जाताना आमच्या हवाली केली. नऊ फूट लांब, चार तुकड्यांची, कर्बतंतूंची. वजन शंभर ग्रॅमच्या आत आणि किंमत एका चांगल्या दुभत्या म्हशीइतकी. किंमत ऐकून आम्ही थक्क झालो, तेव्हा बंधू म्हणाले, "अरे, हिची आजन्म हमी आहे. मोडली तर नवा तुकडा देतात. कशी मोडली हेही विचारत नाहीत."

त्यानंतर दोन वर्षांनी बंधू वारले.

काठी मोडली ती पुढे तिसऱ्या वर्षी, आणि मोडली आमच्याच चुकीने, हे प्रथम सांगून टाकतो. एक मरळ काठाशी आला असता त्यास हाताने धरण्याऐवजी आम्ही काठी उभी करून उचलू गेलो. कर्बतंतू ओढीस विलक्षण बळकट असतो, परंतु पोकळ नळी एके ठिकाणी एकाएकी दुमडली की तिचा निभाव लागत नाही. टोकाकडील तुकडा कडकन तुटला. मरळ गेला, याचे दुःख झाले नाही.

आम्ही कारखानदारांस पत्र लिहिले. उत्तर त्वरित व अत्यंत सभ्य आले. हमी आजन्म आहे हे खरे. चूक मालकाची असली तरी हरकत नाही, हेही खरे. मात्र ती प्रथम खरेदीदारास आहे, सबब त्यांची नोंद व संमती पाठवावी. आम्ही कळविले की, ते हयात नाहीत. त्यावर दुखवट्याचे दोन शब्द आले आणि त्याखाली नव्या तुकड्याची किंमत व पाठवणावळ. 'आजन्म' या शब्दातील जन्म कोणाचा, काठीचा की माणसाचा, हा विचार तोवर आम्हांस शिवला नव्हता.

रागाचा भर ओसरल्यावर आम्ही कारखानदाराच्या बाजूनेही पाहिले. असली हमी ही मेहेरबानी नसून विम्याचा एक प्रकार आहे; ज्याची काठी कधीच मोडत नाही तो तिच्या किमतीतच दुसऱ्याच्या मोडक्या काठीचे पैसे भरून ठेवतो. हमी वारसाहक्काने चालू लागली तर हिशेब कोठेच मिटणार नाही. नियमात खोट नव्हती. तथापि ते पत्र आम्ही फाडले नाही व पैसेही पाठविले नाहीत. नवा तुकडा लावला असता तर बंधूंच्या हाताची काठी कितपत उरली असती, हेही मनात होतेच.

शेवटी ती घेऊन आम्ही त्याच बुरुडांकडे गेलो. आता बाजारात मुलगा बसतो, तोही मुख्यत्वे प्लॅस्टिकच्या बादल्या विकतो. म्हातारे घरीच होते. त्यांनी ती काळी नळी डोळ्याशी धरली, नखाने वाजवली आणि "आतून पोकळच हाय," एवढाच अभिप्राय दिला. काठी कोणाची, कोठे घेतली, नोंद आहे काय, यांपैकी काही विचारले नाही. मानवेलीची एक सळई काचेच्या तुकड्याने खरवडून त्यांनी दोन्ही तुकड्यांच्या पोटात बसेल अशी केली, डिंकासारखे चिकट औषध मुलाकडून आणविले, ती आत सरकविली आणि वरून रेशमी दोरा इतका घट्ट व जवळजवळ गुंडाळला की, फेर मोजता येईनात. पन्नास रुपये घेतले.

"पुन्हा मोडली तर?" आम्ही विचारले.

"मोडली त आना न, भाऊ. मी कुठं चाललो?"

वय त्यांचे ऐंशीच्या पुढे होते.

काठी आता चालते. जोडाच्या ठिकाणी ती किंचित ताठ आहे. दोरी मागे जाऊन पुढे येताना तेथे एक क्षणभर अडल्यासारखी होते, म्हणून आम्ही तेवढा क्षण थांबण्याची सवय केली आहे. मरळ आला की काठी आडवी ठेवतो व पाण्यात उतरून त्यास हाताने धरतो.