अँटिबायोटिक्स : एका लांब नावाची फोड

आमचे गाव पिंपळे गुरव. पवना ओलांडली की कासारवाडी, आणि पुढे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी. ती १९५४ साली स्थापन झाली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. माझे आजोबा तिथे पॅकिंगला होते. पण हे नाव पुरे कोण घेतो! सगळे नुसते 'एच. ए.' म्हणतात.

बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि म्हणाल्या, "टाळ्या वाजवत म्हणा." अँ-टि-बाय-ऑ-टिक्स. पाच टाळ्या झाल्या. जोर चौथीवर. मग म्हणाल्या, "आता अर्थाने फोडा." ही फोड निराळीच निघाली. 'अँटि' म्हणजे विरुद्ध. 'बायो' म्हणजे जीवन, हा मूळचा ग्रीक शब्द. 'टिक' हा विशेषणाचा प्रत्यय आणि शेवटचा 'स' अनेकवचनाचा. म्हणजे 'बायो' अर्थाने एक, पण टाळ्या दोन. इंग्रजी शब्दकोशात तर 'ऑट' असा तुकडा पाडतात, प्रत्ययातला 'ट'सुद्धा मागे ओढून!

मला वाटलं, ही इंग्रजीचीच खोड. पण मित्रांनो, आपला 'प्रतिजैविक' शब्द बघा. प्रति, जीव आणि इक. इतिहासाचे ऐतिहासिक होते, तसे जीवाचे जैविक. बोलताना मात्र प्र-ति-जै-विक. जीवातला 'व' बिचारा 'इक'च्या घरी जाऊन बसतो.

पावसाळ्यात आजीचा घसा सुजला, ताप आला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला, तशी आजी म्हणाली, "राहिलेल्या ठेवून दे. पुढच्या खेपेला होतील."

मी म्हणालो, "आजी, ही नुसती तापाची गोळी नाही. नावातच आहे, जिवाविरुद्ध."

आजी दचकली. "माझ्या जिवाविरुद्ध?"

"तुझ्या नाही गं, घशातल्या जंतूंच्या! ताप गेला तरी थोडे जंतू मागे राहतात. डॉक्टरांना न विचारता गोळ्या सोडल्या तर ते पुन्हा वाढतात. कधी कधी मग त्या औषधाला दादच देत नाहीत."

आजोबांनीही मान डोलावली. आजीने पाचही दिवस गोळ्या घेतल्या, कुरकुरत का होईना.

मग आजोबांनी मला आणखी एक नाव फोडायला दिले, हॅमायसिन. बुरशीच्या रोगांवरचे हे औषध पिंपरीलाच शोधले गेले. 'मायसिन'मध्ये बुरशीचा ग्रीक शब्द आहे. आणि आधीचा 'हॅ'? तो एच आणि ए! हॅ-माय-सिन, टाळ्या तीन, त्यातली पहिली आजोबांच्या कंपनीची.