मळी, इथेनॉल आणि पद्मिनीची टाकी

सी-स्कीम, जयपूर

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, येथील गॅरेजात १९९९ पासून उभी असलेली प्रीमिअर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर यावी असा चिरंजीवांचा आग्रह असून, त्यासाठी नवी बॅटरी जोडावी, पाच लिटर पेट्रोल ओतावे आणि सेल्फ मारून पाहावा, अशी त्यांची सूचना आहे. ती मान्य होण्याजोगी का नाही, हे सविस्तर कळवणे भाग आहे. इंधनव्यवस्था म्हणजे टाकी, नळी, पंप आणि कार्ब्युरेटर यांची साखळी. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे निवांत पडलेला गाळ सेल्फ मारताच पुढे ढकलला जातो आणि जेटपर्यंत पोहोचला की एका कामाची चार कामे होतात. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्या पेट्रोलवर ही गाडी उभी राहिली ते आता कोणत्याच पंपावर मिळत नाही, त्यामुळे दुरुस्तीचा विचार मागच्या पेट्रोलापेक्षा पुढे तिच्या वाट्याला येणाऱ्या पेट्रोलाच्या बेताने करावा लागतो.

शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाली, म्हणजे या टाकीत उरलेला अंश शिसेयुक्त असण्याचा पुरेपूर संभव आहे. तो हाताला लागू देऊ नये, पुर्जे धुण्यासाठी वापरू नये आणि गटारात तर मुळीच ओतू नये. पेट्रोल साठून राहिले की त्यातील हलके घटक उडून जातात आणि उरलेल्यांपैकी काही हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून डिंकासारखा चिकट थर बनवतात, ज्याला जुन्या व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. जयपूरची हवा कोरडी असल्याने येथे टाकी गंजत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. दिवसा तापून हवा बाहेर टाकणारी आणि रात्री गार होऊन ती आत ओढणारी टाकी पावसाळ्याच्या तीन महिन्यांत बरेच बाष्प घेते, ते बाष्प वरच्या पत्र्यावर दवासारखे जमते आणि गंज तळाइतकाच छतालाही चढतो. तोंडातून बॅटरीचा झोत टाकून पाहणाऱ्यास मात्र फक्त तळ दिसतो, म्हणून लहान आरसा किंवा नळीवरचा कॅमेरा आत सोडून वरची बाजू तपासल्याशिवाय निदान करू नये.

टाकी उतरवण्याचे काम गॅरेजात न करता अंगणात करावे. सर मिर्झा इस्माईल यांच्या दिवाणगिरीत आखलेल्या या वसाहतीत जुने बंगले पाडून फ्लॅट होत असताना स्वतंत्र गॅरेज लाभणे भाग्याचे खरे, परंतु पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने बंद खोलीत ती फरशीलगत साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के झाले की एक ठिणगी पुरते, आणि म्हणूनच भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक ठरते. ‘रिकामीच तर आहे’ म्हणून तिच्यावर वेल्डिंग करणारा कारागीर कितीही स्वस्त असला तरी त्याच्याकडे ती देऊ नये.

गंज काढण्यासाठी फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल सर्रास वापरले जाते आणि ते झटपट कामही करते, पण तीव्र द्रावण विसरून राहिले तर गंजाबरोबर चांगला पत्राही खाते. घाई नसलेल्यांसाठी उसाच्या मळीचा उपाय अधिक सौम्य आहे: एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी टाकीत भरून आठवडा-दोन आठवडे ठेवले की मळीतील सेंद्रिय पदार्थ लोखंडाच्या ऑक्साइडला पकडून विरघळवतात आणि खालचा धातू बहुतांशी शाबूत राहतो. उन्हाळ्यात हे द्रावण आंबते व शेजाऱ्यांची तक्रार ओढवून घेते, तेवढे सोसावे. नंतर टाकी सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच गरम हवेने सुकवावी, कारण उघडा पडलेला ओला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूंना मात्र मळी सोसत नाही, त्यामुळे कार्ब्युरेटर त्यात बुडवण्याचा मोह टाळावा. जयपुरात ही मळी जनावरांच्या खाद्याच्या दुकानात शोधावी लागेल. सांगलीत राहणाऱ्या चिरंजीवांना तिची नवलाई नसावी.

या मळीचे आणि पद्मिनीचे नाते जुने आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून पुढे ही गाडी बाहेर पडली. तेच गृहस्थ त्याआधी रावळगावात साखर कारखाना काढून बसले होते. साखरेच्या त्याच उपपदार्थापासून इथेनॉल निघते, आणि पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळून विकण्याचे देशातील पहिले प्रयोग २००१ मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी झाले, त्यांत चिरंजीवांच्या शेजारचे मिरज व त्याबरोबर मनमाड होते. २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपावर येऊ लागले. कारखान्याच्या दृष्टीने आणि ऊसवाल्याच्या दृष्टीने हे इष्टच, पण जुन्या गाडीच्या दृष्टीने त्यात तीन अडचणी आहेत.

इथेनॉल हवेतील पाणी शोषते आणि ते पाणी मर्यादेबाहेर गेले, विशेषतः थंडीत, तर इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात, म्हणजे नेमके पंप जेथून ओढतो तेथे. दुसरे असे की, त्या काळच्या रबरी नळ्या, वॉशर आणि पंपाचा पडदा, ज्याला मेकॅनिक डायफ्राम म्हणतात, इथेनॉलने फुगतात किंवा भुसभुशीत होतात. पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनच्या चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करते, म्हणून डिपस्टिक काढून तिचा वास घेण्याची सवय ठेवावी. सर्व नळ्या फ्लोरोइलॅस्टोमर जातीच्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्याव्यात. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीची सोय केली असून गाडीचे मूळ रूप राखणे तीत अपेक्षित आहे, परंतु मूळपणाचा आग्रह रबरापर्यंत नेणे हे निव्वळ हौशी लोकांचे खूळ समजावे.

तिसरी अडचण कार्ब्युरेटरची आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५, नव्या गाडीचा संगणक हा फरक भरून काढतो, कार्ब्युरेटरला ते ठाऊक नसते आणि इंजिन कोरडे चालून तापते. म्हणून मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे पितळी छिद्र, एक-दोन आकारांनी मोठे घ्यावे लागते, आणि ते योग्य आहे की नाही हे स्पार्क प्लगचा रंग पाहून ठरवावे: पांढुरका असल्यास पेट्रोल कमी, काजळलेला असल्यास जास्त. जुने जेट साफ करताना त्यात तार घालू नये. छिद्र केसभर जरी खरवडले तरी मोजमाप बिघडते, त्यापेक्षा द्रावकात भिजवून दाबाची हवा सोडावी. पोकळ पितळी फ्लोट, म्हणजे कार्ब्युरेटरातील तरंगता गोळा, कढत पाण्यात दाबून धरावा. आतली हवा फुगते आणि सांध्याला सुईच्या टोकाएवढा छेद असला तरी तेथून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. असा फ्लोट पेट्रोल पिऊन बुडतो, पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि कार्ब्युरेटर तापलेल्या इंजिनावर वाहू लागतो.

हे सर्व आटोपल्यावरही टाकी लगेच जोडू नये. पंपाच्या नळीला स्वच्छ पेट्रोलची बाटली लावून इंजिन प्रथम त्यावर चालवावे, अग्निशामक हाताशी ठेवावा आणि एका माणसाने केवळ सांध्यांवर नजर ठेवावी. टाकी जोडल्यानंतर पारदर्शक फिल्टर बसवून पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर तो पाहावा, आणि त्यात तांबूस पूड दिसल्यास टाकी पुन्हा उतरवण्याची तयारी असावी. नळ्यांची मापे सोबतच्या कागदावर आहेत. त्या सांगलीहून आणण्याचे चिरंजीवांनी पाहावे.

कळावे, लोभ असावा.

मामा