नव्या वाहनाची संवय

साठी उलटलेल्या मास्तरानें मोटारसायकल घ्यावी, आणि तीही लांबच्या वेगवान प्रवासासाठीं बांधलेली, हें ऐकून आमच्या शहापुरांतील निम्मे स्नेही हंसले. उरलेल्यांनीं ती चिरंजिवांसाठीं असेल अशी स्वतःची समजूत घातली. गाडी माझीच आहे. माळशेजचा घाट एकदां स्वतःच्या वाहनानें चढावा, ही इच्छा नोकरींत असतांना खडूच्या धुळीखालीं दडून राहिली होती. निवृत्तीनंतर ती वर आली, व पुण्याजवळ चाकण येथें तयार होणारी 'डॉमिनार' दारांत उभी राहिली.

याआधीं मीं तीस वर्षें 'एम-एटी'वर काढलीं. आमच्या भागांतील मास्तर व दूधवाले यांचें तें खरें वाहन. तिचें एंजिन ७४ घन सेंटिमीटरांचें. नव्या गाडीचें ३७३, म्हणजे पांचपट. वजन पावणेदोनशे किलोंच्या वर. परंतु अडचण पडली ती बळाची नव्हे. जुन्या गाडीचे गिअर डाव्या मुठीनें फिरवावयाचे. नवीचे सहा गिअर डाव्या पावलानें. पहिल्याच दिवशीं भर चौकांत मीं संवयीनें डावी मूठ पिळली. कांहींच झालें नाहीं. पुन्हां पिळली, तोंच गाडी वरच्या गिअरांत आचके देऊन बंद पडली, आणि मागच्या ट्रकवाल्यानें माझ्या विद्वत्तेविषयीं चार शब्द काढले.

पतंजलीनें चित्तवृत्तींच्या निरोधास अभ्यास व वैराग्य असे दोन उपाय सांगितले आहेत. मुलांना ते मीं कितीदां समजावून दिले असतील! पण दुसऱ्याचा अर्थ मला या डाव्या मुठीनें शिकविला. पाऊल आपलें नवें काम आठ दिवसांत शिकलें. मुठीस आपलें जुनें काम सोडावयास दोन महिने लागले.

त्या दोन महिन्यांतच एके सकाळीं अंगणांत, चालण्याच्या वेगानें वळतांना, मीं पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली. (हँडल वळलेलें असतांना, इतक्या मंद गतींत, पुढचा ब्रेक धरूं नये, हें मीं वाचलेलें होतें!) मला थोडें खरचटलें मात्र. ओसरीवरून सारें पाहणाऱ्या आमच्या कुटुंबानें एवढेंच म्हटलें, "अहो, हें जनावर देऊन टाका कुणाला तरी. मी कांहीं यावर बसायची नाहीं." तीस वर्षें माझ्या मागें बसून 'हळू चालवा' यापलीकडे तिनें कधीं शब्द काढला नव्हता. एकट्यानें माळशेज चढण्यांत मला गोडी नव्हती. त्या रात्रीं मी खरोखरच गिऱ्हाईक पाहण्याच्या विचारांत पडलों.

विकण्यापूर्वीं निदान मुरबाडपर्यंत जाऊन यावें, असें ठरविलें. तेथें माझे साडू राहतात; कुटुंब आदल्या दिवशींच एस. टी.नें तिकडे गेलें होतें. मार्गशीर्षाचे दिवस. शहापूर सोडलें कीं माहुलीचे सुळके आरशांत येतात. १६३६ सालीं शहाजीराजांनीं निजामशाहीची अखेरची झुंज याच गडाच्या आश्रयानें दिली. पुढें भातसा ओलांडावी लागते. ही नदी मुंबईची तहान भागविते आणि आमच्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर वैशाखांत टँकर येतो. पुलावरून जातांना हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

किन्हवलीच्या रस्त्यावर मीं एक गोष्ट करून पाहिली. एका तरुण शेजाऱ्यानें सांगितलें होतें, "सर, डावीकडे वळायचं तर डावी मूठ किंचित पुढें ढकला." मला तो चावटपणा वाटला होता, कारण डावी मूठ पुढें गेली म्हणजे चाक उजवीकडे वळणार. तसें तें क्षणभर वळतेंही. पण त्यामुळेंच गाडी डावीकडे कलते, आणि कलली कीं डावीकडे वळूं लागते. वेगांत असलेली प्रत्येक दुचाकी, माझी एम-एटीसुद्धां, अशीच वळत आली आहे. माझ्या हातांना तें ठाऊक होतें, मला नव्हतें. दुसरी गोष्ट दृष्टीची. खड्ड्याकडे पाहिलें कीं गाडी खड्ड्यांतच जाते. खड्ड्याशेजारच्या वाटेकडे पाहिलें तर तेथून निघते.

एका वळणापुढें शेतकऱ्यानें अर्ध्या डांबरावर भात वाळत घातलें होतें, आणि समोरून ट्रॅक्टर येत होता. मीं दोन्ही ब्रेक आवळले. पायाखालीं थरथर जाणवली. चाक न अडकूं देणारी ती योजना आपलें काम करीत होती. १२५ घन सेंटिमीटरांवरील दुचाकींस ती एप्रिल २०१९ पासून सक्तीची आहे. थोडे दाणे चिरडले. थांबून मीं त्या गृहस्थाची क्षमा मागितली. सहावा गिअर म्हणाल, तर या रस्त्यावर तो निव्वळ शोभेचा.

काळूचा पूल मागें पडला. सरळगावास कल्याण-अहिल्यानगर रस्ता लागतो. डावीकडे माळशेज, उजवीकडे मुरबाड. क्षणभर डावीकडे पाहिलें, आणि दृष्टीचा नियम आठवून मान उजवीकडे वळविली.

साडूंच्या दारीं सर्व मंडळी बाहेर आली. कुटुंबानें गाडीभोवतीं एक फेरी मारली, मागची उंच बैठक निरखिली. एका बाजूस पाय सोडून येथें बसतां येणार नाहीं, हें सांगावयास मला संकोच वाटत होता. तिनें तें आपणच ओळखलें. दुपारीं चहा झाल्यावर ती आंतून आली ती भाचीचा पंजाबी पोशाख घालून. "हंसायचं नाहीं," असें सर्वांस बजावून ती दोन्ही बाजूंस पाय टाकून बसली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चाळीसच्या वर नको हं."

काळूच्या पुलापर्यंत चाळीस. पुढें रस्ता मोकळा होता. कांटा पन्नासावर गेला, तो तिच्या लक्षांत आला नाहीं, किंवा आला असल्यास ती बोलली नाहीं. घरीं उतरल्यावर मात्र तिनें विचारलें, "माळशेजला थंडी फार असते का हो या दिवसांत?"