प्याद्याला नाव असते तेव्हा

धुळ्याला आमच्या माडीवर वडिलांनी मला बुद्धिबळ शिकवले. प्यादे मारले गेले की मी हळहळे. ते म्हणत, "अरे, दुसऱ्या डावाला ते पुन्हा उभे राहतेच की!"

गेल्या दिवाळीत जळगावला लेकीकडे गेलो, तर नातू 'फायर एम्ब्लेम' नावाच्या जपानी खेळात गढलेला. निन्टेन्डोने १९९० साली जपानात हा खेळ काढला. पुढे त्याचे कितीतरी भाग निघाले. जपानबाहेर तो २००३ साली आला.

"बसा आजोबा, शिकवतो," नातू म्हणाला.

चौकटींचा पट, एकदा आपली पाळी, एकदा शत्रूची. सहसा तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला आणि भाला तलवारीला. इथवर ठीक होते. पण इथे प्रत्येक प्याद्याला नाव असते, घरदार असते. आणि मूळच्या रीतीने मेलेला गडी परत येत नाही! नवशिक्यांसाठी २०१० पासून सोपी रीतही आहे. तीत पडलेले गडी पुढच्या लढाईला हजर होतात.

मी अर्थातच मूळची रीत निवडली. घाईघाईने एका तिरंदाज पोरीला पुढे ढकलले. शत्रू अगदी बिलगला, तिला उलट बाण मारता येईना. ती पडली. लढाई मात्र आम्ही जिंकलो.

"पुन्हा पहिल्यापासून खेळू या?" नातवाने विचारले.

"अरे, जिंकलो ना आपण?"

"पण ती कुठे आहे?"

चकल्यांची बशी बाजूला सारून मी पुन्हा खेळायला बसलो. माडीवरची ती जुनी हळहळ इतक्या वर्षांनी कामी आली होती.