दारापर्यंत आलेला वेग

भातसा नदी आमच्या सापगावाजवळून वाहते. धरणातून सोडलेले पाणी याच पात्रातून खाली पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते, तेथून उचलून पांजरापूरला शुद्ध केले जाते आणि मग मुंबईकरांच्या घरी पोहोचते. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी भातसेचे आहे. तरीही शहापूर तालुक्यातील कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मोठा प्रवाह शेजारून गेला म्हणजे आपली घागर भरतेच असे नाही, हे इकडच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. गेल्या वर्षी हाच धडा आमच्या घरात इंटरनेटच्या रूपाने पुन्हा गिरवावा लागला.

आमचे दुकान रस्त्याला लागून आणि राहते घर त्याच्या पाठीमागे. पुढे किराणा व धान्य, मध्ये गोदामाची खोली, त्यामागे स्वयंपाकघर आणि वर माडीवर दोन खोल्या. आजोबांच्या काळातील या घराच्या भिंती दगडी असून दीड ते दोन फूट जाड आहेत. गोदामाच्या खोलीवर पत्रा आहे. फायबरची जोडणी घेतली तेव्हा तार रस्त्याच्या बाजूने आली म्हणून राऊटर साहजिकच दुकानात, गल्ल्यामागच्या लोखंडी कपाटाशेजारी बसला. योजना २०० एमबीपीएसची. दुकानातील बिले, ई-वे बिल, जी.एस.टी.चे विवरणपत्र, क्यूआर कोडवर येणारे पैसे ही सर्व कामे सुरळीत चालू लागली. माडीवर मात्र साधे चित्र उघडायलाही मिनिट लागे.

माडीवरच्या खोलीत माझी पुतणी अभ्यास करते. ती सी.ए. इंटरमीजिएटची तयारी करीत आहे आणि तिचे बहुतेक वर्ग ऑनलाइन असतात. व्याख्यानाच्या मध्येच शिक्षकांचा चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा आणि समायोजनाची नोंद अर्धीच राहायची. काही दिवस ती दुकानात गल्ल्यामागे बसून शिकली. पण डाळीच्या पोत्यांची चढउतार चालू असताना लेखापरीक्षणाचे मानदंड डोक्यात कसे शिरावेत? अखेर थोरल्या बंधूंनी निर्णय सांगितला : दिवाळीनंतर तिला कल्याणला खोली घेऊन द्यायची. निर्णय रागाचा नव्हता, काळजीचाच होता. परंतु रात्री आईच्या गोळ्या तिच्याच हाताने दिल्या जातात, आणि दुकानाची खतावणीही अलीकडे तीच पाहते. आई काही बोलली नाही. फक्त त्या रात्री तिचे जेवण नेहमीपेक्षा लवकर आटोपले. पुतणी मला जिन्यात भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, "काका, मला शिकायचे आहे, पण त्यासाठी घर सोडावेच लागेल का, हे एकदा नीट पाहून सांगाल का?"

नीट पाहणे म्हणजे व्यापाऱ्याच्या भाषेत आधी माप घेणे. त्याच सुमारास कंपनीच्या प्रतिनिधीने ३०० एमबीपीएसची योजना सुचवली होती आणि बंधू दर महिन्याचे जादा पैसे मोजण्यास तयारही होते. मी त्यांना म्हणालो, "दादा, माल कमी पडतोय की वाटेत सांडतोय, हे कळल्याशिवाय नवी खरेदी कशाला?" हा मुद्दा त्यांना लगेच पटला.

मापाचे एकक प्रथम समजून घ्यावे लागते. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटमध्ये आणि फाइलचा आकार आपण पाहतो तो मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. चाळीस शेरांचा एक मण हे कोष्टक ज्यांच्या आजोबांना तोंडपाठ होते, त्यांना हे अवघड वाटू नये. २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइट. अनेकांची तक्रार या एका कोष्टकातच मिटते. आमची मिटली नाही.

मग आम्ही दोघांनी रोजकीर्दीसारखी एक वही केली. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ, अशा तीन वेळा, घरातील पाच जागी, तीन दिवस वेग मोजला. पहिले माप लॅपटॉप थेट तारेने राऊटरला जोडून घेतले, कारण तारेने जोडल्याशिवाय दोष बाहेरचा की घरातला हे कळत नाही. तारेवर तिन्ही वेळा आकडा ९४ च्या आसपास आला. वायफायवर गल्ल्याजवळ ९०, गोदामाच्या खोलीत ३८, स्वयंपाकघरात १५ आणि माडीवर कधी ४ तर कधी ३. रात्री नऊला माडीवरचा आकडा आणखी घसरे, तारेवरचा मात्र जागचा हलत नसे.

या वहीने दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. पहिली, २०० ऐवजी ९४ का? दुसरी, ९४ चे ४ कोठे होतात?

पहिल्याचे उत्तर त्या आकड्यातच होते. संगणकाच्या तारेचा वेग पायरीपायरीने वाढतो : १०० एमबीपीएस, मग एकदम १०००. शंभराच्या पायरीवर व्यवस्थेचा खर्च वजा जाता हाती ९४-९५ उरतात. म्हणून २०० च्या योजनेवर कोणाला ९४ हा आकडा ठामपणे दिसत असेल, तर कोठेतरी शंभराची पायरी आड आली आहे असे समजावे. या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात. शंभरासाठी चार पुरतात, हजारासाठी आठही लागतात. आमच्याकडे फायबर ज्या लहान पेटीत शिरते ती पेटी आणि राऊटर यांना जोडणारी हातभर लांबीची तार जुनी होती व तिच्या पोटात चारच तारा होत्या. शहापूरच्या बाजारातून आठ तारांची नवी तार आणली आणि माप १९६ वर गेले. कंपनी ठरलेला माल पूर्ण देत होती. प्रतिनिधीला दोष द्यायला निघालेल्या घरातील मंडळींना हे कळणेही आवश्यक होते. न तोलता कोणाला खोटे ठरवणे आपल्या पेढीच्या रीतीत बसत नाही.

दुसरा प्रश्न अधिक खोल होता. फायबरमध्ये माहिती प्रकाशाच्या रूपाने केसासारख्या बारीक काचेतून धावते. शुद्ध काचेतून प्रकाश फार दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले आणि त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याही आधी वक्र काचतंतूंतून प्रतिमा नेण्याचा प्रयोग, पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी इंग्लंडमध्ये केला होता. हा सारा पराक्रम आमच्या दुकानाच्या भिंतीशी येऊन संपतो. तेथून पुढचा प्रवास हवेतून, रेडिओलहरींनी होतो आणि त्या लहरींना दगड, लोखंड, पाणी यांचे अडथळे भोगावे लागतात.

वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंतही बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्याचा वेग कमी आणि गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर थकतो. आमच्या माडीपर्यंत तीन दगडी भिंती, गोदामाचा पत्रा आणि उगमापाशीच ते लोखंडी कपाट. दुसरा पट्टा तेथे पोहोचतच नव्हता. पहिला पोहोचे तो धापा टाकीत.

रात्रीची घसरण हा गर्दीचा परिणाम. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ठरावीक वापर आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला, म्हणून आज कोणीही राऊटर लावू शकतो. ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात गलबला करतात. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. शेजारच्या चार घरांचे राऊटर आमच्याच सहा क्रमांकाच्या वाहिनीवर होते. त्यात वायफायचा स्वभाव असा की एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे. दुकानात काटा एक आणि गिऱ्हाइके दहा असावीत, तसे. एखादा जुना किंवा दूर बसलेला मोबाइल रेंगाळत बोलू लागला की रांगेतील सर्वांचा वेळ तो खातो. आमच्या रांगेत तर दुकानाचे चार कॅमेरे अखंड उभे होते आणि आपले चित्रण दिवसरात्र बाहेर पाठवीत होते.

उपाय आम्ही खर्चाच्या चढत्या क्रमाने केले. आधी फुकटचे. राऊटर कपाटापासून दूर, दुकान आणि गोदाम यांच्या दारावरच्या फळीवर उंच ठेवला. मध्ये भिंतीऐवजी दार आले. वाहिनी सहावरून एकवर नेली. २.४ च्या पट्ट्याची रुंदी २० मेगाहर्ट्झवर आणली, म्हणजे शेजाऱ्यांशी टक्कर कमी. पासवर्ड बदलला, तेव्हा कोणाकोणाचे मोबाइल जोडलेले होते ते कळून थोडी करमणूकही झाली. एवढ्याने स्वयंपाकघरात १५ चे ४५ झाले. माडीवर ४ चे ९ झाले, ते पुरेसे नव्हते.

मग तारेचे काम. एका परिचिताने वायफाय पुढे ढकलणारा रिपीटर घेण्याचा सल्ला दिला. साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो. शिवाय त्याला मुळात जेवढे ऐकू येते त्याहून अधिक तो देणार कोठून? म्हणून आम्ही आठ तारांची २५ मीटर लांब तार घराच्या आतूनच, माळ्याच्या कडेने माडीपर्यंत नेली आणि तिच्या टोकाला दुसरा साधा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला. हा शब्द महत्त्वाचा आहे. ही मांडणी केली नाही तर दुसरा राऊटर स्वतःचे वेगळे जाळे थाटतो आणि दुकानाचा प्रिंटर माडीवरून सापडत नाही. दोन्हींना नाव व पासवर्ड एकच ठेवला आणि वरच्याला ११ क्रमांकाची वाहिनी दिली. कॅमेऱ्यांची पेटी आणि बिलाचा संगणक तारेवर घेतले, म्हणजे हवेतील रांग मोकळी झाली. वीज जाण्याचा इकडचा अनुभव लक्षात घेऊन राऊटरसाठी १२ व्होल्टचे लहान यूपीएस बसवले. फायबरची पेटीही त्यावरच घेतली, कारण ती बंद पडली तर राऊटर चालू राहून उपयोग नाही. तार, दुसरा राऊटर आणि खिळे मिळून खर्च दोन हजारांच्या आत राहिला. यूपीएस वेगळे.

माडीवरचे पहिले माप १७० आले. पुतणीने ते वहीत लिहिले, तीन दिवस तीन वेळा पुन्हा मोजले आणि मगच ती वही वडिलांपुढे ठेवली. बंधूंनी जमाखर्च पाहावा तशी पाने उलटली. त्यांनी विचारले, "पावसात काय होईल?" प्रश्न रास्त होता. झाड कोसळून बाहेरची तार तुटली तर घरातील कोणतीही व्यवस्था चालत नाही; त्या दिवशी मोबाइलच्या डेटावरच भागवावे लागते. हेही आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, "मग परीक्षेपर्यंत खोलीचे राहू दे." आर्टिकलशिपसाठी तिला कधीतरी शहर गाठावेच लागेल, हे आईलाही ठाऊक आहे. मात्र ते जाणे तिच्या शिक्षणाची पुढली पायरी म्हणून होईल, भिंतींच्या अडचणीमुळे नव्हे.

सुज्ञ वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची घरे अशीच आहेत : पुढे दुकान, मागे संसार, भिंती जाड आणि माणसे अनेक. वेग कमी वाटला तर अधिक महागडी योजना घेण्यापूर्वी एका रविवारी वही घेऊन बसावे. पहिले माप तारेने घ्यावे. ते योजनेइतके असेल तर दोष घरात आहे आणि तो बहुधा जागा, भिंत, वाहिनी किंवा जुनी तार यांपैकी एकात सापडेल. तारेवरच कमी असेल तर आधी जोडतारा तपासाव्यात आणि त्यानंतर ती वही दाखवून कंपनीकडे तक्रार करावी. आकड्यांसह केलेल्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते. घरात कोणाचा अभ्यास चालू असेल तर त्याच्या खोलीपासून मोजायला सुरुवात करावी. दुकानापुरते नेट चालते म्हणून मोठ्यांना अडचण जाणवत नाही, आणि माडीवरची मुले बहुधा तक्रार करीत नाहीत.