शिरोरेषेचे गणित

संगणकीय चित्रणाचे, म्हणजे व्यवसायात ज्याला नुसते 'ग्राफिक्स' म्हटले जाते त्या शास्त्राचे, मूळ प्रश्न समजून घ्यायला ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही तीन स्थानकनावे पुरेशी आहेत. फलाटावरच्या एलईडी इंडिकेटरवर ही नावे दिवसभर उमटत असतात आणि ज्याने अक्षराचे काम केले आहे त्याला ती वाचताना एक गोष्ट सतत जाणवते: तिन्ही नावे सारख्याच जागेत बसवलेली असली, तरी तिघांची मागणी सारखी नाही. 'कल्याण' या शब्दात शिरोरेषेच्या वर एकही खूण नाही आणि खालीही नाही. त्याची सगळी अडचण मधल्या अर्ध्या ल आणि य यांच्या सांध्यात आहे. 'ठाणे' शिरोरेषेच्या वर एकच मात्रा मागते. 'डोंबिवली'ला मात्र ओकाराची मात्रा, तिच्या शेजारी अनुस्वार, लगेच पहिली वेलांटी आणि शेवटी दुसरी वेलांटी असा चार खुणांचा भार शिरोरेषेच्या वर पेलावा लागतो.

हा इंडिकेटर म्हणजे दिव्यांची उभ्याआडव्या ओळींची जाळी असते आणि तिच्यातला प्रत्येक दिवा एक तर लागतो किंवा विझतो, अधलेमधले काही नसते. चित्राचा असा अविभाज्य सर्वांत लहान घटक म्हणजे पिक्सेल, आणि पिक्सेलांच्या जाळीने बनलेले चित्र म्हणजे रास्टर. दुसुतीच्या कापडावर मोजून घातलेल्या टाक्यांचे भरतकाम ज्याने पाहिले आहे त्याला रास्टर वेगळे शिकवावे लागत नाही. जाळी सोळा ओळींची आहे असे धरले, तर एक ओळ शिरोरेषेला जाते, वरच्या खुणांना किमान चार द्याव्या लागतात, उकार-ऊकारांसाठी खाली तीन राखाव्या लागतात आणि अक्षराच्या धडाला उरतात अवघ्या आठ. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांना त्याच जाळीत जवळजवळ सगळ्या ओळी वापरता येतात, म्हणून एकाच इंडिकेटरवर रोमन नाव ठसठशीत आणि देवनागरी नाव दाटीवाटीचे दिसते. हा लिपीचा दोष नव्हे. जाळीची उंची ठरवताना देवनागरी विचारात न घेतल्याचा तो परिणाम आहे. सलग आकृतीतून ठरावीक अंतरावरचे मोजके नमुने उचलायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, या क्रियेला नमुनाकरण म्हणतात, आणि संगणकीय चित्रणातील बहुतेक संज्ञा या सोडून देण्याचा हिशेब ठेवण्यासाठीच जन्माला आल्या आहेत.

जाळीच्या आधी मात्र रेषा आली होती. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीत 'स्केचपॅड' ही प्रणाली मांडली तेव्हा पडद्यावरचा इलेक्ट्रॉन झोत केवळ रेषेवरच्या जागांवरच फिरवला जाई, कारण पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याची किंमत साठवून ठेवण्याइतकी स्मृती तेव्हा परवडत नव्हती. ती साठवणारी स्मृती, म्हणजे फ्रेमबफर, १९७० च्या दशकात हाताशी आली आणि मग रास्टरने पडदा व्यापला. तरीही आकृती ठिपक्यांनी न सांगता बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्रांनी सांगण्याची रीत टिकून राहिली. तिला व्हेक्टर म्हणतात, आणि अक्षरांच्या जगात आजही तिचेच राज्य आहे, कारण व्हेक्टर आकृती मोठी किंवा लहान करताना केवळ बिंदूंचे सहनिर्देशक गुणावे लागतात, त्यात काही हरवत नाही.

या वक्रांचा शोध मोटारींच्या कारखान्यात लागला. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्यो यांनी १९५९ च्या सुमारास आणि रेनो कंपनीत पिएर बेझिये यांनी १९६० च्या दशकात मोटारीच्या पत्र्याचा बाक गणिताने सांगण्याची पद्धत स्वतंत्रपणे शोधली. कास्तेल्यो यांचे काम कंपनीने गुप्त ठेवल्यामुळे वक्राला नाव बेझिये यांचे मिळाले. वक्राची दोन टोके आणि त्याला आपल्याकडे ओढणारे दोन नियंत्रणबिंदू, एवढीच त्याची सामग्री. ठाण्याच्या 'ठ'चे वाटोळे पोट काढून पाहिले की या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. बेझिये वक्राने अचूक वर्तुळ काढताच येत नाही. पण वर्तुळाचे चार समान भाग करून प्रत्येक भागाच्या नियंत्रणदांडीची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५२ पट ठेवली, तर चूक त्रिज्येच्या दहा हजारांत तीन भागांहूनही कमी राहते आणि ती कोणत्याही डोळ्याला दिसत नाही. नवशिका माणूस हाच गोल दहा-बारा बिंदूंनी काढतो आणि प्रत्येक बिंदूपाशी सूक्ष्म कोपरा पाडून बसतो. मुरलेला कारागीर वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे, म्हणजे वक्राच्या चार टोकाच्या जागी, चारच बिंदू ठेवतो. बिंदू जितके कमी तितका वक्र स्वच्छ, हे या कामातील बहुधा सर्वांत लवकर सांगितले जाणारे आणि सर्वांत उशिरा अंगवळणी पडणारे सूत्र आहे.

'ठ'ला आतली रिकामी जागाही आहे, आणि ती रिकामी राहते ती भरणनियमामुळे. एखादा बिंदू आकृतीच्या आत आहे की बाहेर, हे ठरवण्याचे दोन नियम रूढ आहेत. पहिल्यात बाह्यरेषा त्या बिंदूभोवती कोणत्या दिशेने किती फेरे घेते ते मोजले जाते आणि बेरीज शून्य आली तरच जागा रिकामी राहते. म्हणून अक्षराची बाहेरची कड एका दिशेने आणि आतली कड उलट दिशेने काढावी लागते, नाही तर 'ठ'चे पोट भरून येते. दुसरा नियम सम-विषमाचा: बिंदूपासून बाहेर जाणारी रेषा कडांना सम वेळा छेदत असेल तर जागा रिकामी. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी असल्यामुळे या दोन नियमांतला फरक त्यांच्या बाबतीत क्वचितच उघडा पडतो. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात, म्हणजे ओळ अखंड दिसावी. अशा मजकुराची फाइल 'कर्व्ह' करून, म्हणजे अक्षरांचे वक्रांत रूपांतर करून, सगळे वक्र कोरलड्रॉ या चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कंबाइन' केले की चढलेला भाग दुहेरी म्हणून सम ठरतो आणि शिरोरेषेत प्रत्येक अक्षरापाशी बारीक पांढरी फट पडते. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या दुकानांच्या पाट्यांवर आणि रिक्षांच्या मागच्या काचांवर या फटी दिसतात. रेडियम कटिंगच्या दुकानात तर कापणारी सुरी प्रत्येक कडेवरून इमानाने फिरते आणि शिरोरेषेचे तुकडे सुटे होऊन हातात येतात. उपाय एका आज्ञेचा आहे: कापण्यापूर्वी आकृती 'वेल्ड' करायची, म्हणजे चढलेले भाग एकजीव होऊन एकच बाह्यरेषा उरते. पण तो उपाय सुचण्यासाठी फट का पडली हे ठाऊक असावे लागते, आणि ते कळते भरणनियमामुळेच.

व्हेक्टर आकृती अखेर पडद्यावर किंवा कागदावर ठिपक्यांतच उतरवावी लागते. आयबीएममधील जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली केवळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीने सरळ रेषेचे ठिपके निवडण्याची रीत शोधली आणि ती आजही शिकवली जाते. तिरप्या रेषेला येणारे पायऱ्यांसारखे दाते मोडण्यासाठी कडेवरच्या पिक्सेलला, आकृतीने त्याचा जितका भाग व्यापला असेल तितक्या प्रमाणात, फिकट छटा दिली जाते; या क्रियेला अँटी-एलियासिंग म्हणतात. तिरप्या रेषेला ती तारते, पण शिरोरेषेला बुडवू शकते. एक पिक्सेल जाडीची शिरोरेषा दोन ओळींच्या बरोबर मधोमध पडली, तर एका काळ्या ओळीऐवजी दोन करड्या ओळी उमटतात आणि सबंध मजकूर धुक्यात गेल्यासारखा दिसतो. म्हणून लहान आकारात शिरोरेषेला जाळीच्या ओळीवर ओढून बसवण्याच्या सूचना फॉन्टमध्येच लिहून ठेवाव्या लागतात. त्यांना हिंटिंग म्हणतात. दर ओळीत डावीकडून उजवीकडे सलग धावणारी आडवी रेषा असलेल्या लिपीसाठी हिंटिंग ही चैन नाही, ती गरज आहे.

अक्षर काढण्याआधी ते कोणते, हे संगणकाला कळावे लागते. युनिकोडमध्ये 'डोंबिवली' हा शब्द आठ संकेतांकांनी साठवला जातो आणि त्यात पहिली वेलांटी 'ब'च्या नंतर येते. पडद्यावर ती 'ब'च्या आधी नेऊन ठेवण्याचे, तसेच 'कल्याण'मधल्या ल, हलन्त आणि य यांचे जोडाक्षर घडवण्याचे काम आकारण करणाऱ्या प्रणालीचे असते. या क्षेत्राचा पाया घालण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांच्या आकारणावर मूलभूत काम झाले. कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईतील अध्यापक र. कृ. जोशी त्या कामाशी जोडलेले होते. विंडोज २००० बरोबर घराघरांत पोचलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. अक्षराचे वळण जाणणारा कलावंत आणि वक्राचे गणित जाणणारा अभियंता एका टेबलाशी बसले की काय साधते, याचे मराठी माणसाच्या रोजच्या वापरातले याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

कल्याण-डोंबिवलीतील ग्राफिक्सचा मोठा व्यवहार मात्र फ्लेक्सच्या फलकांवर चालतो, आणि तिथे सगळ्यांत जास्त गैरसमज रिझोल्यूशनविषयी, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल धरायचे याविषयी आढळतात. छापील पुस्तकाला इंचाला ३०० पिक्सेल लागतात म्हणून वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच फलकही तसाच करायचा म्हटले, तर ७२,००० गुणिले ३६,००० म्हणजे २५९ कोटींहून अधिक पिक्सेल होतात आणि चार शाईरंगांची फाइल दहा जीबीच्या वर जाते. तोच फलक इंचाला ७२ पिक्सेलांनी केला तर काम सुमारे ६०० एमबीत भागते. यातले योग्य काय हे डोळा ठरवतो. निरोगी दृष्टीला साधारण एक कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, कोन ओळखता येतो. दहा मीटर अंतरावर त्याची रुंदी जवळजवळ तीन मिलिमीटर भरते. ७२ च्या रिझोल्यूशनला पिक्सेल जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे रस्त्यावरून पाहणाऱ्यासाठी तो गरजेहून कितीतरी बारीक आहे. उलट मोबाइलवरून आकसून आलेला १,६०० पिक्सेल रुंदीचा फोटो वीस फुटांवर ताणला तर प्रत्येक पिक्सेल पावणेचार मिलिमीटरहून मोठा होतो आणि दहा मीटरवरूनही चेहरा चौकटीचौकटीचा दिसतो. तोच फोटो फलकाच्या एक तृतीयांश रुंदीत ठेवला तर बिनतक्रार खपून जातो. रिझोल्यूशन हा फाइलचा गुण नाही, पाहणाऱ्याच्या अंतराशी असलेले ते नाते आहे.

रंगाची गोष्टही अशीच. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग घडवतो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई वापरून कागदावरून परतणारा प्रकाश कमी करत जाते. दोघांच्या आवाक्यातले रंग, म्हणजे त्यांचे गॅमट, एकसारखे नाहीत. पडद्यावरचा लखलखीत भगवा कापडावर मंदावतो आणि जयंतीच्या फलकावरचा गर्द निळा जांभळ्याकडे झुकतो. ज्या समाजात हे दोन रंग अस्मितेचे आहेत तिथे हा बारकावा तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही. छपाईच्या रंगपद्धतीतच काम सुरू करणे आणि निळ्यातली किरमिजी शाई हेतुपुरस्सर कमी ठेवणे, हा त्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

शुभेच्छाफलकांवर ओळीने लावलेल्या चेहऱ्यांभोवती दिसणारी पांढुरकी कड अल्फाच्या अज्ञानातून येते. अल्फा म्हणजे पिक्सेलच्या अपारदर्शकतेचा आकडा. एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी १९७० च्या दशकात ती कल्पना मांडली आणि थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ साली चित्रावर चित्र बसवण्याचे सगळे नियम तिच्या आधाराने सिद्ध केले. केसांच्या कडेवरच्या एका पिक्सेलात थोडा केस आणि थोडी मागची भिंत असते. फोटो 'कट' करताना त्याचा अल्फा अर्ध्यावर आणला तरी त्याच्या रंगात भिंतीचा पांढरा उरतोच आणि नव्या गडद पार्श्वभूमीवर तो चमकू लागतो. अल्फाबरोबर कडेचा रंगही केसाच्या रंगाकडे वळवला, तरच माणूस नव्या जागी उभा असल्यासारखा दिसतो.

त्रिमितीचा प्रांत ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांच्या जाहिरातींतून सामोरा येतो. त्रिकोणांच्या जाळ्याने रचलेली इमारत, तिच्यावर चढवलेले पोत, प्रत्येक पिक्सेलमागे सर्वांत जवळचा पृष्ठभाग कोणता याची नोंद ठेवणारा झेड-बफर आणि प्रकाशकिरणांचा माग काढणारी किरणरेखन पद्धत, या साऱ्यांतून अंतिम चित्र गणून काढण्याला रेंडरिंग म्हणतात. यातले गणित प्रामाणिक असते; सूर्य कुठे ठेवायचा हे मात्र माणूस ठरवतो. ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कलतो तो केवळ मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, आणि त्यातला बराच काळ ढगांचा. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळी दुपारचे सोनेरी ऊन दाखवणारे चित्र कितीही देखणे असले, तरी ते चूक आहे आणि करणाऱ्याने ते करू नये.

या भागात ग्राफिक्सचे वर्ग पुष्कळ चालतात आणि त्यांतून शिकलेली मुलेच उद्याच्या पाट्या, पुस्तके आणि पडदे घडवणार आहेत. त्यांना आज्ञांच्या यादीबरोबर भरणनियम, हिंटिंग, अल्फा आणि गॅमट मराठीतून आणि देवनागरीच्या उदाहरणांनी शिकवले जावेत. शिकवण्यासाठी ठ, ल्या आणि डों ही तीन रूपे घेतली तरी पहिला महिना पुरेल. फलक छापून घेणाऱ्यांनीही आपला वाटा उचलावा: मजकूर युनिकोडमध्ये द्यावा, फोटो आकसू न देता मूळ फाइल म्हणून पाठवावा आणि छपाईला होकार देण्यापूर्वी शिरोरेषेचा प्रत्येक सांधा मोठा करून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावा.