पाण्याखालची दुपार

वैशाखात पाणचक्कीच्या अंगणात पाय ठेवला की फरशी तळव्यांना चावायची. छत्रपती संभाजीनगरचं ऊनच तसं, कोरडं, पांढरं, डोळ्यांत खुपणारं. समोर १६४ फूट लांब, ३१ फूट रुंद हौद. उंच भिंतीवरून त्यात धार कोसळायची, आणि तिच्या नुसत्या आवाजानं निम्मी तहान भागायची. मी मात्र तिथे रेंगाळत नसे. खाली उतरायचे.

खाली दालन आहे. जाडजूड दगडी खांब, सायीसारखा दाट अंधार, आणि अंगावर ओला पंचा पडावा तसा गारवा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला आलेले किती वाटसरू या खांबांना टेकून निजले असतील! हा गारवा जमिनीतून येतो, विहिरीतून यावा तसा, असं मला वाटे. कितीतरी वर्षं मी तो खांबांच्या पायथ्याशी चाचपत राहिले.

मग एका दुपारी मान वर गेली.

या दालनाचं छत म्हणजेच हौदाचा तळ. उन्हाची सारी धग आधी पाणी झेलतं. तेवढ्याच वजनाच्या दगडाला तापायला लागेल त्याच्या चार-पाचपट उष्णता पोटात घेतं तेव्हा कुठे तितकं कोमटतं, त्यातही थोडं वाफ होऊन जाताना उरलेल्याची ऊब उचलून नेतं, आणि बाकीचं खाम नदीकडे निघून गेलं की डोंगराकडच्या झऱ्यातून, जमिनीखालच्या नहरीतून, मातीच्या नळांतून, वाटभर सूर्य न पाहिलेलं नवं पाणी त्याच्या जागी येतं.

आजीचा माठ आठवला. ती त्याला ओलं फडकं गुंडाळायची, पोटावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "घामेजला गं, आता पी." एक तांब्या पाणी हवेत विरतं तेव्हा, बर्फाइतकं गार पाणी उकळीला आणायला लागेल त्याच्या पाचपटींहून जास्त उष्णता घेऊन जातं, हे मी पुढे शाळेत शिकले. आजीच्या तळहाताला ते ठाऊक होतं.

इथे कुणीतरी तो माठ उलटा केला होता. पाणी बाहेर, माणसं आत.

मी खांबाला पाठ टेकली. वर धार पडत होती. दगडातून झिरपत खाली येताना तिचा आवाज जाडाभरडा झाला होता, पहाटे माजघरात कुणी जातं ओढत असावं तसा.